सोसायटीत आठ-दहाच जण धडपडतात, त्याने राजकारणात खरंच काही फरक पडतो का?

कोपऱ्यातला_फ्लॅट

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही एका मोठ्या शहराच्या कडेला राहतो. आधी गाव होतं, काही वर्षांपूर्वी महापालिकेत आलं. शहराचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, उगाच ओळखीचे लोक निघतात. तर सोसायटीला लागून एक मोकळा प्लॉट आहे, विकास आराखड्यात त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे आणि पोरं तिथे क्रिकेट खेळतात. आता ते आरक्षण बदलायचं चाललंय असं कळलं, म्हणजे खाली पार्किंग, वर दुकानं असला काहीतरी प्रकार. आम्ही मीटिंग बोलावली. फ्लॅट चारशेच्या वर, आले कोण तर नेहमीचेच आठ-दहा. टँकरच्या भानगडीत जे होते तेच, लिफ्टच्या भानगडीत जे होते तेच. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र सगळे वाघ, "हे थांबलंच पाहिजे" आणि खाली पंचवीस अंगठे.

मग आम्ही त्या आठ-दहा जणांतले चौघे एका स्थानिक पुढाऱ्याकडे गेलो (आधी नगरसेवक होते, परत व्हायचंय). त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि एकदम शांतपणे विचारलं, "तुमच्या सोसायटीतून मतदान किती होतं हो?" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. त्यांना उत्तर माहीत होतं, आकडा त्यांनीच सांगितला आणि तो लाज वाटण्यासारखा होता.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. मूठभर लोक खरंच काही करू शकतात का, की हे सगळं आपल्या मनाच्या समाधानासाठी? आमच्यातले एक काका सारखा तो "साडेतीन टक्के लोक उठले की सरकार बदलतं" वाला फॉरवर्ड दाखवतात. आणि दुसरी गोष्ट जी मी मीटिंगमध्ये बोललो नाही ती इथे बोलतो, आम्ही आठ-दहा जण चारशे घरांच्या नावाने निवेदनं देतोय, हा अधिकार आम्हाला दिला कोणी? ज्यांनी असलं काही केलंय त्यांनी प्लीज लिहा. "लोकांनी जागं व्हायला पाहिजे" असलं नको, ते आमच्या ग्रुपवर भरपूर आहे.

जुना_कार्यकर्ता

पक्षाचं काम बरीच वर्षं केलं, बूथ सांभाळले, आता नाही करत. कुठल्या पक्षाचं ते विचारू नका, त्यातले निम्मे आता वेगळ्याच पक्षात आहेत.

आकडा त्यांना कुठून कळला याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. मतदान केंद्रावर गेलेला प्रत्येक माणूस आमच्या यादीत टिक होतो, आणि मोजणी केंद्रनिहाय होते त्यामुळे कुठल्या मशीनमधून कोणाला किती पडली हे निकालाच्या संध्याकाळीच कागदावर असतं. एका केंद्राला साधारण हजार-बाराशे मतदार धरा. तुमच्यासारखी चारशे घरांची सोसायटी म्हणजे अख्खं एक केंद्रच की. त्यामुळे तुम्ही कोणाला दिलं हे कळत नाही पण तुम्ही आलाच नाहीत हे पक्कं कळतं.

पण त्यावरून निराश पण होऊ नका, कारण नेता फक्त तुमचं मत मोजत नाही, तुमच्या मागे किती येतात ते मोजतो. वस्तीतल्या मंडळाचा अध्यक्ष आला की त्याच्यामागे दीडशे मतं आहेत हे गृहीत असतं, खरी असोत नसोत. सोसायटीचा सेक्रेटरी आला की त्याच्यामागे त्याची बायको, तीही नक्की नाही. (हसू नका, आमच्यात असंच बोलायचे.) मतं नसतील तर निदान तुमच्याकडे चिकाटी तरी दिसली पाहिजे. दर आठवड्याला दारात उभा राहणारा, कागद घेऊन येणारा, न भांडणारा पण न विसरणारा माणूस पुढाऱ्याला नको असतो. शिव्या देणारा परवडतो, त्याला विरोधक म्हणून सोडून देता येतं.

आणि दुसरी बाजू पण बघा. त्या प्लॉटमधून ज्याला कमवायचंय तो एकटा आहे, पण तो रोज महापालिकेत असतो. तुमचं नुकसान चारशे घरांत वाटलं गेलंय, प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर आलंय, त्या चिमटीसाठी रजा काढून कोण जाणार? मूठभरांचा प्रभाव म्हणतो ना आपण, तो आंदोलनवाल्यांपेक्षा आधी ह्या लोकांना कळलेला असतो. तुमचे आठ-दहा जण म्हणजे त्या एकाला उत्तर, एवढंच समजा.

अजून एक, मुंबई सोडली तर महापालिकेत आता एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार जण निवडून येतात. एकाकडे गेलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. चौघांनाही एकाच तारखेचं, एकाच मजकुराचं पत्र द्या आणि प्रत्येकाच्या पत्रात बाकी तिघांची नावं "प्रत माहितीसाठी" म्हणून टाका. मजा बघा.

टेकडीवाला

साडेतीन टक्केवाल्या काकांना सांगा, तो अभ्यास सत्ता उलथवणाऱ्या मोठ्या अहिंसक आंदोलनांचा आहे, विसाव्या शतकापासूनची देशोदेशीची उदाहरणं घेऊन केलेला, आणि तिथेही तो नियम म्हणून नाही सांगितलेला, त्याला अपवाद निघालेत. आरक्षण बदलाच्या फाईलला तो लावू नका. इथे टक्केवारी नाही, तारीख चालते.

मी पुण्याचा, टेकड्यांच्या भानगडीत बराच काळ आहे, त्यामुळे कोरडं कोरडं सांगतो. मंजूर आराखड्यातलं आरक्षण बदलायचं असेल तर साधारणपणे एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव जातो. आधी मुख्य सभेचा ठराव, मग राजपत्रात आणि पेपरमध्ये नोटीस, त्यावर एक महिना हरकती-सूचना, मग सुनावणी, मग फाईल मंत्रालयात नगरविकास खात्याकडे. शेवटची सही राज्य सरकारची. तुमचं प्रकरण यातल्या कुठल्या पायरीवर आहे ते आधी शोधा. ठराव झालाच नसेल तर तुम्ही लवकर आहात, ही फार दुर्मिळ चैन आहे. नोटीस निघाली असेल तर तो महिना म्हणजेच सगळं. आणि ती नोटीस येते कुठे, तर पेपरच्या आतल्या पानावर, डोळ्यांत तेल घातलं तरी न दिसणाऱ्या अक्षरांत. तुमच्या आठ-दहा जणांपैकी एकाने रोज फक्त जाहीर नोटिसा वाचायच्या, दुसरं काही काम त्याला देऊ नका.

आता लोक काय करतात, लगेच माहिती अधिकार टाकतात. टाका, दहा रुपयांचा अर्ज आहे. पण उत्तराला तीस दिवस, हरकतीची मुदत एक महिना, म्हणजे उत्तर हातात येईपर्यंत दार बंद. (आणि महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा, दीडशे शब्दांत बसवायचा असतो, नाहीतर तेच कारण सांगून परत येतो.) त्यापेक्षा २६ नोव्हेंबर २०१८ चा सामान्य प्रशासन विभागाचा शासन निर्णय काढा. जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि महापालिका यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली बघू द्यायच्या असं त्यात म्हटलंय. सगळीकडे आनंदाने बघू देतात असं नाही, पण जीआरची प्रत हातात असली की खुर्ची मिळते. फाईलमध्ये टिप्पणी बघा, म्हणजे खालच्या अभियंत्याने पहिल्यांदा काय लिहिलं होतं ते. बऱ्याचदा त्याने "आरक्षण कायम ठेवणे योग्य" असंच लिहिलेलं असतं आणि वर जाता जाता मत बदलतं. ते एक पान मिळालं ना, की सुनावणीत तुमच्या चारशे सह्यांपेक्षा जास्त बोलतं.

हरकती एकाच छापाच्या देऊ नका. झेरॉक्स काढून नाव बदललं की सगळ्या मिळून एकच धरतात. शाळेच्या बाईंनी शाळेला मैदान नाही म्हणून लिहावं, डॉक्टरांनी त्यांचं लिहावं, कोणी रस्त्याच्या रुंदीवर लिहावं.

आकडा मोठा झाला म्हणजे जिंकलो असंही नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ८० हजारांच्या वर हरकती आल्या होत्या. शेवटी काय झालं, २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेच्या हातातूनच काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या समितीला दिला. उलट टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचं बघा, ज्या तेवीस गावांत ते आहे ती शहरात आली १९९७ ला आणि त्या आरक्षणाला अंतिम मंजुरी मिळाली २०१५ ला. मधली अठरा वर्षं ते टिकवून धरणारे लोक एका हॉलमध्ये आरामात मावतील एवढेच होते. सरकारं बदलली, आयुक्त बदलले, फाईल कुठे आहे हे माहीत असलेली माणसं तीच राहिली. आणि आजही टेकडी वाचली म्हणून झोपायची सोय नाही, रस्ते-बोगद्यांचे प्रस्ताव येतच असतात.

शिवारातली

तुमचं सगळं वाचलं. आमच्याकडे उलटं आहे म्हणून लिहिते. तुमच्याकडं थोड्या लोकांनी फाईल अडवायची, आमच्याकडं थोड्या बायकांनी निम्म्यापेक्षा जास्त बायका बाहेर काढायच्या.

आमच्या गावात देशी दारूचं परवानावालं दुकान होतं, शाळेच्या वाटेवर. २००८ चा नियम असा आहे की गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी) सह्यांचं निवेदन दिलं की उत्पादन शुल्कवाले सह्या तपासतात आणि मग गुप्त मतदान लावतात. चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात, उभी आणि आडवी. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. ऐकायला सोपं वाटतं. पण आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीत जेवढ्या बायका आहेत त्या सगळ्यांच्या निम्म्यापेक्षा जास्त लागतात. म्हणजे जी आली नाही तिचं मत उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. आणि यादीत कोण असतं? लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी, ऊसतोडीला गेलेल्या, पुण्या-मुंबईला धुणीभांडी करणाऱ्या, आणि वर गेलेल्या पण, त्यांची नावं कोण काढतंय. त्या सगळ्या दुकानदाराच्या बाजूने.

सुरुवातीला आम्ही बचत गटातल्या पाच-सहा जणी होतो. सह्या घेताना कळलं, बाई सही करते पण पडताळणीला साहेब आले की नवरा तिला शेतात पाठवतो. मग आम्ही पडताळणीच्या दिवशी घरोघर जाऊन बाया गोळा करून देवळात बसवल्या, स्वयंपाक पण तिथंच. मतदानाच्या आदल्या आठवड्यात यादी घेऊन बसलो आणि प्रत्येक नावापुढं लिहिलं, कुठं आहे, कोण आणणार, एसटीचं भाडं कोण देणार. सासरी गेलेल्या लेकींना फोन केले, काहीजणी दोन तालुके ओलांडून आल्या. पुढारी कोणी नव्हते, ते त्या दिवशी सगळे बाहेरगावी होते, देवाची कृपा.

बाटली आडवी झाली. पुढचं पण सांगते. दुकान बंद झाल्यावर मागच्या वस्तीत चोरून विकायला लागले, त्यासाठी परत पोलिसात जावं लागतं, अजून जावं लागतं. पण त्या मतदानानंतर एक झालं, आमच्यातल्या दोघी पुढच्या ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या, आणि आता पॅनल बनवताना पुढारी आमच्या घरी येतात, आधी आमच्या मालकांना बोलवायचे.

तुमचा दुसरा प्रश्न, अधिकार कोणी दिला म्हणून. दादा, आम्हाला कोणी दिला नव्हता. पण सही मागायला प्रत्येक दारात गेलो ना, तिथंच कळलं कोण बरोबर आहे आणि कोण नाही. तुम्ही चारशे दारं वाजवलीत का? व्हॉट्सॲप नाही म्हणत मी.

लोकल_स्लो

ताई, सलाम. पण मी थोडं कडू लिहिणार आहे.

मुंबईत राहतो, आमच्याकडे एएलएम नावाचा प्रकार आहे, महापालिकेने मान्यता दिलेले गल्लीपातळीचे नागरिक गट. कचरा वेगळा करणं, फुटपाथ, सुशोभीकरण अशी कामं करतात आणि काही ठिकाणी खरंच चांगली केलीत. पण त्यांच्या बैठकीत जा आणि अजेंडा वाचा. फेरीवाले हटवा, झोपडी हटवा, बाहेरच्या गाड्या नकोत. वॉर्ड ऑफिसरला हे लोक आवडतात कारण ते इंग्रजीत मेल लिहितात आणि वेळेवर येतात. ज्या भाजीवालीची गाडी उचलली गेली ती त्या बैठकीत कधीच नसते. तिचं म्हणणं मांडणारा तोच तुमचा तो "दीडशे मतंवाला" मंडळाचा अध्यक्ष असतो ज्याला आपण नाकं मुरडतो. तेव्हा मूठभर जागरूक नागरिक म्हणजे आपोआप चांगले असं मला तरी वाटत नाही. तुमच्या मैदानावर आत्ता कोण खेळतं? सोसायटीची पोरं की मागच्या चाळीतली? उद्या मैदान वाचलं तर त्याला गेट लागणार का? हे तुमच्या हरकतीत कुठेतरी लिहा.

निवडणुकीचं म्हणाल तर २००७ मध्ये जुहूच्या एका वॉर्डात नागरिकांच्या गटाने स्वतःचा उमेदवार उभा केला, अडॉल्फ डिसोझा, आणि तो अपक्ष निवडून आला होता. त्याचं खूप कौतुक झालं, आता सगळीकडे नागरिकांचे उमेदवार येणार असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. एका वॉर्डात ओळखीवर जमतं, शहरभर पैसा आणि पक्ष लागतो.

आणि आरे, मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायचा तो वाद. तिथे काही मूठभर नव्हते हो, हरकती हजारोंनी गेल्या, लोक रस्त्यावर आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात. सुप्रीम कोर्टाने ७ ऑक्टोबरला थांबवलं तोवर दोन हजारांच्या वर झाडं गेली होती. मग एक सरकार आलं, कारशेड हलवली, दुसरं आलं, २०२२ मध्ये परत तिथेच आणली, आणि २०२४ मध्ये आरे ते बीकेसी मेट्रो सुरू झाली, मी पण बसतो. मधल्या काळात आरेतली आठशे एकरच्या आसपास जमीन राखीव वन जाहीर झाली हे खरं, ते आंदोलन नसतं तर झालं नसतं. पण ज्यासाठी रात्रभर उभे राहिलो ते नाही मिळालं.

फोंडेकर

आमच्या गोव्याचं उदाहरण इथे यायलाच हवं, कारण त्यात तुमचा प्रश्न पूर्ण सापडतो, पहिला भाग पण आणि पुढचा पण.

२००६ मध्ये सरकारने रिजनल प्लॅन २०११ अधिसूचित केला. प्लॅन म्हणजे नकाशे, आणि नकाशे कोण बघतो? थोडे लोक, त्यात आर्किटेक्ट होते, डॉक्टर, वकील, गावातले काही जाणकार, त्यांनी जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी शेजारी ठेवून बघितलं. कालपर्यंत बागायत, डोंगर, रान दाखवलेल्या जागा नव्यात वसाहतीच्या रंगात. एवढंच त्यांनी लोकांना दाखवलं, भाषण कमी, नकाशा जास्त. गावोगाव, चर्चच्या आवारात, देवळाच्या मंडपात. माणूस पहिल्यांदा काय शोधतो, आपला वाडा, आपली टेकडी. ती सापडली की पुढचं सांगायला लागत नाही. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, डॉ. ऑस्कर रिबेलो निमंत्रक होते, डिसेंबर २००६ ला पणजीत आझाद मैदानावर गर्दी झाली आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने प्लॅन मागे घेतला. त्याच वर्षाच्या शेवटी एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्रं) पण रद्द केले. गोव्यात मतदारसंघ लहान, आमदार थोड्याशा मतांनी पडतो, त्यामुळे इथे थोड्या लोकांना पण वजन असतं हे कबूल, मुंबईसारखं नाही.

आता पुढचं ऐका. अभियान जिंकलं, लोक घरी गेले. पुढे सरकारने अख्खा प्लॅन बदलण्यापेक्षा वेगळी वाट धरली. नगर नियोजन कायद्यात २०१८ ला १६ब आणलं, २०२३ ला १७(२) आणलं, आणि एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलायची सोय झाली. अख्ख्या गोव्याचा नकाशा बदलला तर मैदान भरतं, कुणाच्या तरी गावातला एक तुकडा बदलला तर कोण येणार? परत तेच थोडे लोक कोर्टात गेले, २०२५ मध्ये हायकोर्टाने १७(२) च्या नियमांना दणका दिला, तरी लढा चालूच आहे. लोकल_स्लो, तुमच्या कडूपणाशी मी निम्मा सहमत. पण २००७ ला तो प्लॅन गेला नसता तर आज एकेका तुकड्यासाठी भांडायला तुकडे शिल्लक नसते.

आमच्याकडे ग्रामसभा रविवारी असते, आणि तिथे अजून लोक येतात, सरपंचाला घाम फुटतो. शहरात तुम्हाला तेवढंही नाही हे खरं वाईट आहे.

वैनगंगाकाठ

फोंडेकरांनी ग्रामसभेचं काढलं म्हणून. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. तेवढेही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब करतात, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग जे पंधरा-वीस असतात ते गावाचा ठराव करून मोकळे. मूठभरांचं राज्य बघायचं तर हे बघा, रजिस्टरवर सह्या नंतर घरोघरी फिरवून घेतात. शहरात क्षेत्रसभा कायद्यात आहे म्हणतात, भरलेली मी तरी बघितली नाही.

याच्या उलट आमच्या गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत असते, पण ते काम कसं करतात ते कमी लोकांना माहीत आहे. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात ज्याला आवड आहे तो बसतो, चार असतील नाहीतर दहा, बाहेरचा माणूस पण चालतो, कायदा वाचतात, जंगलाचा हिशोब करतात, वाद घालतात. पण निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने, एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं आणि परत बसायचं. वेळ लागतो, कंटाळा येतो, पण नंतर पाय ओढायला कोणी राहत नाही. ह्याच पद्धतीने त्यांनी वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि तरीही वनखातं बांबूचा वाहतूक परवाना देईना. बांबू तुमचा, पण गावाबाहेर नेता येणार नाही! शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हातात दिलं. तिथले कार्यकर्ते देवाजी तोफा यांचं नाव सगळे घेतात, त्यांचं काम मोठंच आहे, पण ते स्वतः कधी "मी गावाच्या वतीने ठरवतो" म्हणाले नाहीत.

कोपऱ्यातला_फ्लॅट भाऊ, तुमचे आठ-दहा जण म्हणजे अभ्यासगट. त्यांना ग्रामसभा समजू नका म्हणजे तुमचा तो अधिकाराचा प्रश्न सुटतो.

आणि सुमडीत एक सांगतो, दबावाने वरून मिळालेलं टिकेलच असं नसतं. आमच्या शेजारी चंद्रपूरला २०१५ मध्ये दारूबंदी झाली, केवढं मोठं आंदोलन होतं बायकांचं. २०२१ मध्ये सरकारने एका बैठकीत उठवली. शिवारातली ताईंची आडवी बाटली त्यामानाने पक्की, ती यादीतल्या नावांवर उभी आहे.

जुना_कार्यकर्ता

वैनगंगाकाठ, सर्वसहमती चारशे फ्लॅटमध्ये? आमच्या सोसायटीत बिल्डिंगचा रंग ठरवायला दोन एजीएम गेल्या, शेवटी जुनाच दिला 😄

वैनगंगाकाठ

मेंढ्यात शंभरेक घरंच आहेत, मान्य. पण तुम्ही विंगनिहाय बसा की. चारशेंना एका हॉलमध्ये कोण बोलावतंय?

कोपऱ्यातला_फ्लॅट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. शिवारातली ताई, नाही, दारं वाजवली नव्हती. रविवारी चौघांनी दोन विंग केल्या. "नाही" म्हणणारे फार कमी निघाले, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही" म्हणणारे जास्त. तीन जण निघाले ज्यांना पार्किंगच हवंय आणि त्यांची कारणं ऐकली तर अगदीच चूक नाहीत, एकाच्या घरी व्हीलचेअर आहे आणि गाडी लांब लावावी लागते. ते पण लिहून घेतलंय.

लोकल_स्लो, मागच्या चाळीतली पोरं जास्त खेळतात. तिथल्या दोघांना पुढच्या बैठकीला बोलावलंय, आमच्यातल्या एकाचं तोंड वाकडं झालं, होऊ दे.

टेकडीवाला, सोमवारी फाईल बघायला गेलो. जीआर दाखवल्यावर बसायला मिळालं. मुख्य सभेचा ठराव झालाय, नोटीस अजून निघालेली नाही. टिप्पणीत पहिल्या पानावर "शाळेलगत मैदानाची कमतरता विचारात घेता" असं काहीतरी होतं आणि पुढचं पान चिकटलेलं होतं, खरंच चिकटलेलं. त्या पानाची प्रत मागायची कशी? आणि नोटीस निघायच्या आधी हरकत दिली तर चालते का?

टेकडीवाला

भारी. आता त्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहून घेतलीत ना? नसेल तर परत जा.

प्रतीसाठी माहिती अधिकाराचा साधा अर्ज, "अमुक फाईलमधील पान क्रमांक अमुक ते अमुक यांच्या साक्षांकित प्रती", एका ओळीत. आता नोटीस निघालेली नाही त्यामुळे तीस दिवस तुमच्या हातात आहेत, म्हणून आजच टाका. सगळ्या फाईलची मागणी करू नका, पानं मोजून पैसे भरायला लावतात आणि वेळ जातो.

नोटिशीच्या आधी दिलेलं पत्र हरकत म्हणून धरतीलच असं नाही, ते निवेदन होतं. तरी आयुक्तांना आणि नगररचना विभागाला द्या, फाईलला लागतं. पण नोटीस निघाली की तेच सगळं नव्याने, मुदतीच्या आत, प्रत्येकाच्या सहीने परत द्यायचं, आणि खाली "मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे" असं लिहायचं. आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. जेवायची सुट्टी झाली म्हणाले तरी नाही.

शिवारातली

राहिलेल्या विंग पण करा. आणि जाताना बायकांना बरोबर न्या, दार लवकर उघडतं.